पऱ्हाटीची राख नको, कोळसा करा

कापसाची शेवटची वेचणी झाली की पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, उपटायची, धुऱ्यावर (बांधावर) ढीग लावायचा आणि पेटवून द्यायचा, ही आपल्याकडची रीत. चुलीपुरती घरी येते, बाकीची राख वावटळीत उडून जाते. तीच पऱ्हाटी खड्ड्यात जाळली तर कोळसा हाती येतो आणि तो जमिनीत वर्षानुवर्षं टिकतो.

खड्डा तोंडाशी ५ फूट, तळाशी २ फूट आणि अडीच फूट खोल घ्या, बाजू उतरत्या ठेवा. काळ्या मातीला भेगा पडतात आणि भेगांतून खाली हवा शिरली की कोळशाची राख होते. म्हणून बाजू पाणी मारून चोपा, वरून शेणमातीचा हात फिरवा. गोठा आणि कुटाराचा (मळणीच्या भुशाचा) ढीग निदान ५० फूट लांब हवा. खड्ड्याभोवतीचा पालापाचोळा झाडून घ्या. २०० लिटरचे दोन ड्रम भरल्याशिवाय काडी ओढू नका.

पऱ्हाटी वाकवली की कट्‌कन मोडली पाहिजे. नुसतीच वाकली तर अजून ओली आहे, ती धूरच करणार. मुळांची माती झटकून टाका. झाडावर राहिलेली वाळकी, अर्धवट उमललेली बोंडं सुरुवातीलाच खड्ड्यात जाऊ द्या, कारण गुलाबी बोंडअळी त्यांतच दडून पुढच्या हंगामाची वाट पाहते.

वारा पडलेला असताना, सकाळी लवकर सुरुवात करा. मार्च-एप्रिलच्या दुपारी हे काम करूच नये. अंगात सुती कपडे हवेत, नायलॉनची साडी किंवा ओढणी नको.

तळाशी काड्यांची उभी-आडवी रास रचा आणि ती वरून पेटवा. खालून पेटवली तर धूर तसाच वर निघून जातो; वरून पेटवली तर तो ज्वाळेतून जाताना जळतो. ज्वाळ वरची हवा खाऊन टाकते, त्यामुळे खालच्या काडीला हवा मिळत नाही आणि ती राख न होता कोळसा होते. सगळी युक्ती एवढीच.

आता लक्ष वरच्या थरावर ठेवा. काडी आधी काळी पडते, मग तिच्या कडांवर पांढरी राखेची साय धरू लागते. ती दिसली की लगेच पुढचा थर, एक वीतभर, सगळीकडे सारखा. घाई केली तर ज्वाळ दबते आणि धूर कोंडतो. उशीर केला तर कोळसा डोळ्यांदेखत राख होतो. दाट धूर आलाच तर नवीन काडी थांबवा, ज्वाळ पुन्हा उभी राहू द्या. अंगठ्याएवढी जाड बुंधं पहिल्या अर्ध्या भागात घाला, शेवटी बारीक काड्या. जाड बुंध उशिरा पडलं की आत तपकिरी, कच्चं राहतं. तुराट्याही (तुरीच्या काड्या) चालतात, पण त्या भराभर जळतात, म्हणून थर जाड द्यावा लागतो.

खड्डा भरत आला आणि शेवटच्या थरावर साय धरली की विझवा. पाणी कडेकडेने हळूहळू सोडा. वाफ जोरात उसळते, तोंड पुढे नेऊ नका. फावड्याने खालवर करून पुन्हा पाणी मारा. विझलेला दिसणारा कोळसा आत धुमसत राहतो, म्हणून तो दोन दिवस कुटाराजवळ नेऊ नका. साधारण १०० किलो वाळल्या पऱ्हाटीतून २० ते २५ किलो कोळसा निघतो. चांगला कोळसा हातावर चोळला तर नुसत्या पाण्याने निघतो. चिकट डाग राहिला तर तो कच्चा आहे, पुढच्या खेपेला पुन्हा खड्ड्यात घाला.

कोरा कोळसा थेट वावरात टाकणं ही नेहमीची चूक. तो नत्र धरून ठेवतो आणि पीक पिवळं पडतं. कुटून हरभऱ्याएवढा बारीक करा, दुप्पट शेणखतात मिसळा, गोमूत्र शिंपडा आणि सावलीत तीन आठवडे ओलसर ठेवा. मग पेरणीच्या तासात (ओळीत) किंवा झाडाच्या आळ्यात द्या. बरड, हलक्या जमिनीत तो जास्त उपयोगी, कारण तिथे ओल टिकत नाही आणि कोळसा ती धरून ठेवतो. पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जिथे जमिनीखालचं पाणी खारं आहे तिथे, मात्र जपून, कारण कोळशातली राख अल्कधर्मी असते आणि तिथली जमीन आधीच तशी. अशा वावरात आधी चार-दोन ओळींतच टाका आणि एक हंगाम शेजारच्या ओळींशी पीक ताडून बघा.