चार्जिंग पॉइंटवर गाडी लावताय? या चुका टाळा

इलेक्ट्रिक गाड्यांच्या सार्वजनिक चार्जरवरचे बहुतेक दंड आणि जवळपास सगळी भांडणं एकाच गोष्टीवरून होतात: चार्जिंगची जागा लोक पार्किंग म्हणून वापरतात.

चार्जिंग संपलं, गाडी तिथंच

अनेक चार्जरवर चार्जिंग थांबलं की गाडी हलवायला थोडी मुदत मिळते, मग मिनिटागणिक आयडल फी, म्हणजे जागा अडवल्याचा आकार, लागते. टेस्लाच्या फास्ट चार्जरवर ही मुदत 5 मिनिटांची आहे. तिथं निम्म्या जागा भरलेल्या असतील तर फी लागते आणि सगळ्या भरल्या की ती दुप्पट होते.

नेहमीचा घोळ असा. गाडीत 80 टक्क्यांची मर्यादा लावलेली असते. मालक ते विसरून, दीड तास हाताशी आहे असं धरून जेवायला जातो. 35 मिनिटांत 80 टक्के होतात, सेशन बंद पडतं. बेसमेंटच्या हॉटेलात रेंज नसते, ॲपचा मेसेज पोचत नाही. तो परततो तेव्हा 50 मिनिटांची फी चढलेली असते. गन (चार्जरच्या केबलच्या टोकाचा प्लग) लावलेली आहे म्हणजे चार्जिंग चालूच आहे, असं नसतं. म्हणून निघण्याआधी गाडीतली मर्यादा बघा आणि स्क्रीनवर दिसणाऱ्या वेळेच्या 10 मिनिटं आधीचा गजर फोनवर लावा. ॲपच्या भरवशावर राहू नका.

फास्ट चार्जरवर 100 टक्क्यांचा हट्ट

साधारण 80 टक्क्यांनंतर बॅटरीचे सेल जपण्यासाठी गाडीच करंट कमी करत जाते. शेवटचे 20 टक्के भरायला आधीच्या 60 टक्क्यांइतका वेळ सहज लागतो. दोन गनच्या 60 किलोवॅटच्या अनेक मशीनमध्ये दोन्ही गाड्या जोडल्या की पॉवर निम्मी निम्मी वाटली जाते. तुमची गाडी 12 किलोवॅट घेत असली तरी शेजारची 30 वरच अडकते. पुढच्या टप्प्याला खरंच गरज नसेल तर 80 ला निघा. 100 टक्के करायचेच असतील तर हळू चार्ज करणारा एसी चार्जर आहे.

दुसऱ्याची गन ओढणं

कधीच करू नका. गन गाडीत लॉक असते, जोर लावला तर लॉकची पिन तुटू शकते.

गन अडकली की लाल बटण

आधी ॲपवरून सेशन थांबवा, गाडी चावीने अनलॉक करा, गन थोडी आत दाबून मग सरळ ओढा. तरीही निघत नसेल तर बऱ्याच गाड्यांत बूटमध्ये किंवा बॉनेटखाली हाताने लॉक सोडवायची दोरी असते. जागा मॅन्युअलमध्ये सापडेल. मशीनवरचं लाल इमर्जन्सी बटण आग, धूर, शॉक यांसाठीच. त्याने शेजारचं चार्जिंगही बंद पडू शकतं.

इतर

चार्ज न करता तिथं गाडी लावू नका, मग ती इलेक्ट्रिक का असेना. केबल वाटेत टाकू नका, गन होल्डरमध्येच ठेवा. पिनांत माती गेली की पुढच्याचं सेशन सुरू होताना अडू शकतं.

मशीन मध्येच बंद पडून फी लागली तर स्क्रीनवरच्या एरर कोडचा फोटो तिथंच काढा आणि सेशन आयडीसह तक्रार करा. घरी जाऊन केलेली तक्रार सिद्ध करणं अवघड जातं.