मलईदार पास्ता, पण बेताने
मलईदार सॉसचा पास्ता आहारातून वगळण्याची गरज नाही. क्रीम किती घालायचे, एवढेच ठरवावे लागते. 25 टक्के स्निग्धांशाच्या 100 ग्रॅम क्रीममधील केवळ स्निग्धांशातूनच 225 कॅलरी मिळतात. भौगोलिक मानांकन लाभलेली जळगावची भरताची वांगी हाताशी असताना मला तरी त्यांचाच आधार घेणे अधिक पटते. कपाशीच्या काड्यांच्या जाळावर, नाहीतर गॅसवर, वांगे भाजून सोलावे, गर लसणासह गुळगुळीत घोटावा आणि त्यात अर्धी वाटी टोन्ड दूध व पास्ता उकडलेले पाणी थोडे थोडे घालत मंद आचेवर ढवळत राहावे. त्या पाण्यातील स्टार्चमुळे सॉस दाटतो आणि पळीच्या पाठीवर साईसारखा थर धरतो. क्रीम शेवटी, चौघांसाठी दोन चमचेच. मीठ मात्र चाखूनच घालावे, कारण पास्त्याच्या पाण्यात ते आधीच असते.