‘ॲनिमल फार्म’ची १९४५ची पहिली आवृत्ती: कशी ओळखावी, कशी घ्यावी, कशी जपावी

राजकीय उपहासाच्या जुन्या इंग्रजी कादंबऱ्या जमवायच्या असतील तर आधी एकच पुस्तक धरा आणि त्याची खडान्‌खडा माहिती करून घ्या. माझ्या मते त्यासाठी जॉर्ज ऑर्वेलच्या ‘ॲनिमल फार्म’सारखं पुस्तक नाही. बिहारमधल्या मोतिहारीला १९०३ साली जन्मलेल्या या लेखकाने ते फेब्रुवारी १९४४मध्ये लिहून संपवलं. तेव्हा रशिया युद्धात ब्रिटनच्या बाजूने लढत होता. स्टॅलिनवर बोट ठेवणारी गोष्ट छापायला प्रकाशक एकामागून एक नकार देत गेले. त्यातच जूनमध्ये ऑर्वेलच्या लंडनमधल्या घराला बॉम्बचा तडाखा बसला आणि हस्तलिखित ढिगाऱ्यातून उपसून काढावं लागलं. अखेर सेकर अँड वॉरबर्ग यांनी १७ ऑगस्ट १९४५ला पुस्तक बाजारात आणलं. पहिल्या छपाईच्या प्रती होत्या साडेचार हजार. त्या दिवसांच्या खुणा प्रतीवर अजून आहेत, आणि पारख त्यांवरूनच करायची.

आधी शीर्षकपान उलटा. मागच्या बाजूला इंग्रजीत ‘प्रथम प्रकाशन मे १९४५’ अशा अर्थाची ओळ दिसेल. ऑगस्टमध्ये आलेल्या पुस्तकावर मे कसा, म्हणून प्रत बाजूला ठेवू नका. कागदाची टंचाई होती, पुस्तक लांबलं, छापलेला महिना तसाच राहिला. मात्र फक्त ही ओळ पाहून खूश होऊ नका, कारण ती पुनर्मुद्रणांतही असते. तिच्याखाली पुनर्मुद्रणाची आणखी एखादी ओळ नाही ना, ते बघा. दुसरी छपाई त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये निघाली.

मग बांधणी. हिरवं कापड, कण्यावर पांढरी अक्षरं. ती पुसट झालेली असतात, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

आता वेष्टन, म्हणजे जॅकेट. खरा पैसा इथे आहे आणि खरी फसवणूकही. वेष्टन हलकेच काढा आणि आतली बाजू उजेडात धरा. बऱ्याच प्रतींत तिथे ‘सर्चलाइट बुक्स’ या मालिकेची छपाई सापडते. याच प्रकाशकाच्या या मालिकेच्या दोन संपादकांपैकी एक खुद्द ऑर्वेल होता. नवा कागद मिळेना म्हणून तिचीच पडून असलेली वेष्टनं उलटी करून वापरली. हातात धरलेल्या पातळ कागदाच्या एका अंगाला ‘ॲनिमल फार्म’ आणि दुसऱ्या अंगाला ऑर्वेलचंच जुनं काम! मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा बराच वेळ कागद खाली ठेवला नाही.

नकली वेष्टनाने मलाही एकदा गंडवलं आहे. फोटोत सुरेख दिसलं, घरी आल्यावर भिंग लावलं तर अक्षरांच्या कडांना रंगीत ठिपक्यांची जाळी, म्हणजे स्कॅन करून प्रिंटरवर काढलेली प्रत. म्हणून पैसे देण्याआधी विक्रेत्याकडून पाच फोटो मागाच: शीर्षकपानाची मागची बाजू, कणा, वेष्टनाची आतली बाजू, किंमत छापलेला कोपरा आणि शिलाई. ब्रिटिश प्रतीची किंमत सहा शिलिंग होती. तो कोपरा कापलेला असेल तर भाव उतरतो. वेष्टन मूळ आहे आणि पहिल्याच छपाईचं आहे, असं लेखी घ्या. टाळाटाळ झाली तर सोडून द्या.

अमेरिकन प्रतीबाबत सावध राहा. ती हारकोर्ट ब्रेसने १९४६ साली काढली. पण त्याच सुमारास एका बुक क्लबने सभासदांसाठी लाखो प्रती छापल्या आणि त्या आजही ‘१९४६ची पहिली’ म्हणून गळ्यात मारल्या जातात. पहिली अमेरिकन आवृत्ती असल्याचा स्पष्ट उल्लेख आत हवा.

खिशाला हे झेपत नसेल तर पेंग्विनची १९५१ची नारिंगी प्रत शोधा. मुंबईच्या फोर्टातल्या फुटपाथवर जुनी पेंग्विन चाळत राहिलात तर अशी प्रत हाती लागूही शकते, आणि ती संग्रहात मानाने ठेवण्यासारखीच आहे.

घरी आणल्यावर आपल्याकडचा पावसाळा हा मोठा शत्रू. युद्धकाळातला कागद मुळात हलका, दमट हवेत त्यावर तपकिरी डाग पटकन पडतात. पुस्तक बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात ठेवू नका. वेष्टनावर पारदर्शक पॉलिएस्टरचं सैल कव्हर घाला. लॅमिनेशन किंवा सेलोटेप चुकूनही नको, चिकटपणा कागद खातो. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, जून ते सप्टेंबर त्या बदलत राहा आणि दर पंधरवड्याला पुस्तक बाहेर काढून कसर लागली नाही ना ते पाहा. उन्हात मात्र वाळवायचं नाही. पानं उलटताना हात धुतलेले आणि कोरडे हवेत.

कुठून घेतली, कितीला, कोणत्या अवस्थेत, हे वेगळ्या वहीत लिहा. प्रतीवर स्वतःचं नाव घालू नका, शिक्का तर मुळीच नको. आधीच्या मालकाचं नाव असेल तर खोडू मात्र नका. १९४५ची तारीख घालून कुणी सही केली असेल, तर ते पुस्तक ताजं असताना कुणाच्या तरी हातात होतं याचा तो पुरावा आहे.