पोरांसोबत डोंगर आणि हॅम रेडिओ: या चुका टाळा

घरात एकाला हॅम रेडिओचा (परवाना घेऊन छंद म्हणून दूरच्यांशी बोलायच्या रेडिओचा) नाद आणि पोरं सहा-आठ वर्षांची, अशा कुटुंबाचा डोंगरावरचा बेत बहुधा एकाच कारणाने बिघडतो: दिवस रेडिओच्या सोयीने आखलेला असतो. जिथून आवाज लांब जाईल ते टोक, जेव्हा बँड (वारंवारितेचा पट्टा) चालू असेल ती वेळ आणि उरलेल्या फटीत मुलांचं खाणं-पिणं. आधी चाल, ऊन आणि भूक यांचा हिशेब मांडा. त्यातून रेडिओला पाऊण तास निघतो. सामान त्या पाऊण तासापुरतंच घ्या.

वेळ मोठ्यांच्या पायांनी मोजणं

मोठ्या माणसाचा ढोबळ हिशेब असा: सपाटीला किलोमीटरमागे १२ मिनिटं आणि दर १०० मीटर चढाईला आणखी १० मिनिटं. दोन किलोमीटर चाल आणि ३०० मीटर चढ म्हणजे २४ अधिक ३०, एकूण ५४ मिनिटं. सोबत सहा वर्षांचं पोर असेल तर हे सरळ दुप्पट धरा, पावणेदोन तासांच्या वर. पहाटे साडेसहाला निघालात तर साडेआठच्या आत माथा, सव्वानऊपर्यंत रेडिओ आणि साडेदहा-अकराला पायथा. साडेआठला निघालात तर हेच गणित तुम्हाला भर उन्हात उतरवतं, आणि खान्देशातलं ऊन हिवाळ्यातही अकरानंतर माया करत नाही.

ऑक्टोबर मध्य ते फेब्रुवारी अखेर हा मोसम. मार्चपासून काळा पाषाण तापतो आणि सावली शोधावी लागते. पावसाळ्यात पाटणादेवीकडचे ओढे वर झालेल्या पावसाने अचानक फुगतात, शेवाळलेल्या दगडावर लहान पाय टिकत नाहीत; तेव्हा रेडिओ घरीच बरा.

पहिल्या खेपेला लळिंगचा किल्ला बरा. धुळ्याहून जेमतेम दहा किलोमीटर, मुंबई-आग्रा महामार्गाला लागून, आणि बिनसलं तर तासाभरात गाडीशी. तोरणमाळला गाडीच वर जाते, त्यामुळे मुलं ताजी असतात. यशवंत तलावाभोवती किंवा पठारावर हवं तेवढंच चाला. अस्तंब्याचा चढ मात्र लहान मुलांसाठी नाही, मग दिवाळीच्या यात्रेला अख्खं गाव निघालेलं असो.

रेडिओवाल्याला ‘मोठं माणूस’ म्हणून मोजणं

कानाला हेडफोन आणि हातात माइक असलेला माणूस मुलांच्या दृष्टीने गैरहजर असतो. दोन लहान मुलं असतील तर रेडिओवाला सोडून निदान एक मोठं माणूस फक्त त्यांच्यासाठी मोकळं हवं, आणि कड्याजवळ दोन. माणूस नसेल तर हँडसेट पिशवीतच ठेवा.

पाणी, ओआरएस आणि कुसळं

मूल ‘तहान लागली’ म्हणेपर्यंत थांबू नका. दर वीस मिनिटांनी थांबून चार-पाच मोठे घोट पाजा. सकाळच्या अर्ध्या दिवसाला मुलामागे दीड लिटर आणि मोठ्यामागे अडीच-तीन लिटर खालूनच न्या. गडावरच्या टाक्यातलं पाणी पिण्याजोगं असेल असं गृहीत धरू नका.

ओआरएसमध्ये सर्रास होणारी चूक म्हणजे एक लिटरचं पाकीट अर्ध्या लिटरच्या बाटलीत रिकामं करणं. द्रावण दुप्पट घट्ट होतं, मूल ओकतं किंवा जुलाब वाढतात. पाकिटावर किती पाण्यात मिसळायचं ते वाचा: मोठं पाकीट एक लिटरसाठी आणि छोटं २०० मिलिलिटरसाठी येतं. घरी करायचं तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा.

खायला दशम्या, गूळ-शेंगदाणे, उकडलेले बटाटे. जळगावची केळी जरूर न्या, पण डब्यात; केबलच्या गुंडाळीखाली चेपलेलं केळं कनेक्टरमध्ये गेलं की ते पुसायला टूथब्रशही पुरत नाही.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात वाळतं गवत कुसळांनी भरलेलं असतं. मोज्यात घुसलेलं कुसळ चालताना आत सरकत जातं आणि पोर दर पन्नास पावलांवर बसतं. लांब पँट, पिंडरीपर्यंत मोजे आणि त्यावरून पँटची कड. सोबत चिमटा ठेवा. मुलाच्या पाठीवर त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून जास्त ओझं नको. वीस किलोच्या मुलाला दोन किलो, म्हणजे त्याचं पाणी आणि टोपी. तुमची बॅटरी त्याच्या पिशवीत घालू नका.

अँटेना लावताना दगड आणि झाडं न पाहणं

दोर बांधायला दगड उचलताना आधी बुटाने किंवा काठीने हलवा. सकाळच्या गारव्यात त्याखाली विंचू असतो, आणि ‘बाबांना मदत’ म्हणून दगड गोळा करणारी पोरंच त्याला आधी सापडतात. दगड गोळा करण्याचं काम मोठ्यांचं, हे निघतानाच सांगा.

झाडावरून दोर टाकण्याआधी वर नीट पाहा. आग्यामोहोळ फांदीलाही असतं, कड्यालाही. भिरकावलेला दोर, अगरबत्ती, चुलीचा धूर किंवा भडक अत्तर यांनी ते उठतं. मोहोळ दिसलं की निदान शंभर मीटर दुसरीकडे सरका, मग तिथून सिग्नल कमी का जाईना.

संरक्षित किल्ल्यावर किंवा लेण्यांजवळ खिळे ठोकू नका, तटाच्या चिरा दोरासाठी वापरू नका. गौताळा किंवा यावल अभयारण्यात प्रवेशाचे नियम नाक्यावरच विचारा, आणि अँटेना लावणार हे तिथेच सांगून टाका. वरती उभारलेला खांब पाहून प्रश्न विचारले जाणं अटळ असतं.

वीजवाहिन्यांपासून अंतर खांबाच्या उंचीच्या निदान दुप्पट. ब्राह्मणवेलसारख्या पवनचक्क्यांच्या पठारांवर हे जास्तच पाळा. खांब म्हणून मासेमारीचा दांडा वापरणार असाल तर कार्बन फायबरचा वीज वाहतो, साधा फायबरग्लासचा घ्या.

‘मला ऐकू येतंय, त्यांना माझं जात नाही’

दोन मीटर बँडवर (१४५ मेगाहर्ट्झच्या आसपास) हातातल्या सेटने अशी तक्रार येते तेव्हा नव्वद टक्के वेळा बिघाड सेटिंगमध्येच असतो. या क्रमाने तपासा. आधी रिपीटरसाठी (ऐकलेला सिग्नल पुढे पाठवणाऱ्या केंद्रासाठी) लावलेला ६०० किलोहर्ट्झचा ऑफसेट, म्हणजे ऐकण्या-बोलण्याच्या वारंवारितेतला फरक, तसाच राहिला आहे का? राहिला असेल तर तुम्ही ऐकता एका ठिकाणी आणि बोलता दुसरीकडे. मग टोन, म्हणजे बोलण्यासोबत जाणारा ओळखीचा बारीक सूर: त्यांच्या सेटवर टोन लागलेला असेल आणि तुमच्यावर नसेल तर त्यांचा स्क्वेल्च (खरखर अडवून आवाज बंद ठेवणारी सोय) उघडणारच नाही. मग पॉवर, हँडसेट बहुतेक वेळा ‘लो’वर असतो. बॅटरी शेवटी पाहा. पाच वॅटवर बोलताना हँडसेट दीड अँपिअरच्या आसपास ओढतो आणि थकलेल्या बॅटरीचा व्होल्टेज तेवढ्यात बसतो. पडद्यावर तीन कांड्या दिसत असल्या तरी.

हे सगळं ठीक असेल तर अँटेनाकडे वळा. सोबत आलेली छोटी रबरी अँटेना अर्धीच असते, तिला जमिनीची जागा घेणारी दुसरी तार लागते. ४९ सेंटिमीटरची लवचिक वायर सेटच्या अँटेना कनेक्टरच्या बाहेरच्या कड्याला लावून खाली सोडा; १४५ मेगाहर्ट्झला ही पाव तरंगलांबी होते आणि फरक लगेच कळतो. सेट उभा धरा. आडवा धरला तर समोरच्या उभ्या अँटेनाला मिळणारा सिग्नल शंभरपट कमी होऊ शकतो. पोटापाशी धरून बोललात तर अंगच मधे येतं.

मग जागा. तापी खोऱ्याहून ९०० मीटर वर असलेल्या कड्यावरून रेडिओ क्षितिज सव्वाशे किलोमीटरच्या आसपास पडतं, त्यामुळे तोरणमाळच्या दक्षिण टोकावरून कागदावर धुळंही आवाक्यात येतं. पण तलावाकाठी उभं राहिलात तर पठाराची कडच मधे येते, आणि उत्तरेला सातपुड्याच्या रांगा आहेतच. दक्षिण कडेकडे जायचं ते रेडिओवाल्याने एकट्याने. पोरं तलावापाशी दुसऱ्या मोठ्या माणसाजवळ.

एचएफवर (लांब पल्ल्याच्या बँडवर) एसडब्ल्यूआर चढलेला

एसडब्ल्यूआर म्हणजे अँटेनाकडून किती शक्ती सेटकडे परत येते त्याचं माप; जितकं कमी तितकं बरं. ४० मीटर बँडला अर्धतरंग डायपोलची (मधोमध जोडलेल्या दोन तारांच्या अँटेनाची) एकूण लांबी १४३ भागिले वारंवारिता: ७.१ मेगाहर्ट्झला २०.१ मीटर, म्हणजे एकेक भुजा दहा मीटरच्या किंचित वर. घरी अर्धा मीटर जास्त घेऊन गच्चीवर जुळवा. टोक कापू नका, मागे दुमडून बांधा. दोन्ही भुजा प्रत्येकी १० सेंटिमीटरने कमी केल्या की अनुनाद (तार सर्वांत नीट जुळते ती वारंवारिता) सुमारे ७० किलोहर्ट्झ वर सरकतो. एसडब्ल्यूआर बँडच्या खालच्या टोकाला कमी आणि वर जास्त असेल तर तार लांब आहे. उलट असेल तर आखूड.

गच्चीवर नीट असलेली तार डोंगरावर बिघडते ती टोकं जमिनीला टेकल्यामुळे. सात मीटरचा खांब मधोमध, टोकं अडीच मीटरवर आणि तिथून पुढे नायलॉन दोरी. ओलं गवत, तटबंदीचा लोखंडी कठडा यांपासून दूर. अडीच मीटर फक्त एसडब्ल्यूआरसाठी नाही. अर्धतरंग तारेच्या टोकाला व्होल्टेज सर्वांत जास्त असतो, दहा वॅटवरही बोट भाजतं आणि पोराचा हात नेमका लोंबत्या टोकाकडे जातो. दोऱ्यांना आणि कोॲक्सला (सेट ते अँटेना केबलला) दर मीटरला लाल चिंधी बांधा. पडण्याचे निम्मे प्रसंग तिथेच टळतात.

एवढ्या कमी उंचीची ४० मीटर बँडची तार वरच्या दिशेने फेकते, त्यामुळे सकाळी नाशिक-पुणे-नागपूर हाती लागतात. २० मीटर बँडला हीच शहरं ऐकू येत नाहीत म्हणून सेट बिघडला असं समजू नका. तो बँड जवळचं ओलांडून पुढे उतरतो, दिल्ली-चेन्नई शोधा.

बॅटरीचं गणित सोपं आहे. पाच वॅटचा सेट ऐकताना ०.४ आणि बोलताना २ अँपिअर घेत असेल आणि पाव वेळ बोलणं असेल तर तासाला ०.८ अँपिअर-तास लागतात. १२.८ व्होल्टची ३ अँपिअर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी अर्ध्या किलोच्या आत येते. यूपीएसमधली ७ अँपिअर-तासाची लेड ॲसिड दोन किलोच्या वर जाते. ती कशाला न्यायची? धन तारेवर, बॅटरीच्या अगदी जवळ, ५ अँपिअरचा फ्यूज हवाच. बॅटरी बंद गाडीत उन्हात ठेवू नका.

परवाना

हॅम सेट परवान्याशिवाय घरच्या कुणी चालवायचा नाही, मुलांनीही नाही. भारतात परीक्षेला बसायला किमान १२ वर्षं लागतात. घरच्यांशी बोलायला ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचे परवानामुक्त, मान्यताप्राप्त कमी शक्तीचे सेट मिळतात. आपला हॅम सेट त्या वारंवारितेवर लावणं म्हणजे तीच गोष्ट नव्हे. परवान्यातल्या पत्त्याबाहेरून चालवण्याच्या अटी निघण्याआधी वाचा.

मुलांना देण्याजोगं काम म्हणजे वही. दुसरा इयरफोन लावून कॉलसाइन (समोरच्याचं ओळखचिन्ह) ऐकायचा, उच्चारलिपीवरून (‘अल्फा, ब्राव्हो’) अक्षरं लिहायची, वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) टाकायची, म्हणजे घड्याळातून साडेपाच तास वजा. आठ वर्षांचं पोर हे मन लावून करतं, पण वीस मिनिटंच. त्यानंतर वही परत घ्या.

‘समिट्स ऑन द एअर’ या डोंगरमाथ्यावरून रेडिओ चालवण्याच्या उपक्रमाचे गुण मिळवायचे असतील तर माथ्यापासून उभ्या २५ मीटरच्या आत बसावं लागतं, गाडीच्या बॅटरीवर चालत नाही आणि गुणांसाठी चार संपर्क हवेत. सावली त्या पट्ट्याबाहेर असेल आणि पोरं उन्हाने लाल झाली असतील तर गुण सोडून द्या.

वीज आणि आणीबाणी

वळवाच्या आणि परतीच्या पावसात माथ्यावर अँटेना उभी ठेवू नका. वीज दिसल्यापासून गडगडाटापर्यंत तीस सेकंदांहून कमी वेळ लागला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे: कोॲक्स आधी काढा आणि माथा सोडा. खांब गुंडाळत बसू नका, तसाच राहू द्या. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबूनच वर या.

काही झालं तर आधी मोबाइलवर ११२ किंवा १०८. रेंज नसेल तर ७.११० मेगाहर्ट्झ ही आपल्या (आशिया-पॅसिफिक) विभागातली आणीबाणीसाठी ठरलेली वारंवारिता. ती, मुलाचा रक्तगट आणि पायथ्याच्या गावाचं नाव एका कागदावर लिहून तो रेडिओ न चालवणाऱ्या माणसाच्या खिशात ठेवा.