रक्त पातळ करायची गोळी चालू आणि पोटाला मार: पेशंट दारात यायच्या आधीची तयारी

१०८ वाल्याचा फोन आला की पेशंट ट्रॅक्टरवरून पडलाय, पोटाला मार आहे, की आपण आधी बीपी विचारतो. विचाराच, पण त्याच दमात विचारा की रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, कोणती, आणि शेवटची कधी घेतली. घरचे "हो, बीपीची गोळी शे" एवढंच सांगतात, नाव कुणालाच माहीत नसतं, म्हणून गोळ्यांची पिशवीच घेऊन या म्हणायचं किंवा पाकिटाचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवायचा. वॉरफेरिन आणि एसिट्रोम एकीकडे, डाबिगाट्रान वेगळी, रिवारोक्सॅबान-अपिक्सॅबान आणखी वेगळ्या, ॲस्पिरिन-क्लोपिडोग्रेलचा तर प्रकारच निराळा, आणि प्रत्येकीचा उतारा वेगळा असतो. पिशवी मिळालीच नाही तर छाती बघा, मधोमध उभी टाक्यांची खूण असेल तर व्हॉल्व्ह की बायपास ते विचारा, धातूचा व्हॉल्व्ह असेल तर स्टेथोस्कोपने टिकटिक स्पष्ट ऐकू येते.

पेशंट पोचेपर्यंत सिस्टरला सांगून दोन जाड आयव्ही सुया, करडी (१६ नंबर) नाहीतर निदान हिरवी (१८ नंबर), काढून ठेवा. सॅम्पल एकदाच घ्यायचं आणि त्यातच सीबीसी, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा), क्रिएटिनिन, क्रॉसमॅच (रक्ताची जुळवणी), सोय असेल तर लॅक्टेट. रक्तपेढीला फोन पेशंट यायच्या आधी करायचा, कारण एफएफपी (गोठवून ठेवलेला प्लाझ्मा) वितळवायलाच अर्धा तास जातो आणि तो अर्धा तास नंतर कुठूनच परत मिळत नाही. पीसीसी (रक्त गोठवणाऱ्या घटकांचं इंजेक्शन) तालुक्याच्या गावी सहसा नसतंच, जळगाव-धुळ्यात कोणत्या मेडिकलवाल्याकडे असतं तो नंबर कॅज्युअल्टीच्या भिंतीवर चिकटवलेला असावा, रात्री दोनला शोधायला बसायचं नाही.

वॉरफेरिन किंवा एसिट्रोमवर असेल आणि रक्त जातंय असं वाटत असेल तर व्हिटॅमिन के १० मिग्रॅ छोट्या सलाईनमध्ये २०-३० मिनिटांत हळू सोडायचं, पण त्याचा असर यायला तास लागतात, म्हणून सोबत पीसीसी, वजनाच्या किलोला २५ ते ५० युनिट, आयएनआर जितका वर तितका डोस जास्त. पीसीसी नाहीच मिळालं तर एफएफपी किलोला १० ते १५ मिली, हार्ट कमजोर असेल तर फुफ्फुसात पाणी भरतंय का त्यावर नजर ठेवून. व्हॉल्व्हवाला पेशंट आहे, उतारा कसा देऊ, असा विचार करत बसणारे बरेच असतात. माझं स्पष्ट मत आहे की पोटात रक्त साचत असताना व्हॉल्व्हवर गाठ होईल ही चिंता दुसऱ्या नंबरवर, आणि उतारा सीटीचा रिपोर्ट येईपर्यंत थांबवायचा नाही. डाबिगाट्रानला इडारुसिझुमॅब ५ ग्रॅम, म्हणजे अडीचच्या दोन व्हायल, ते नसेल तर पीसीसी, आणि किडनी खराब असेल तर डायलिसिसवाल्याला आधीच कळवा. रिवारोक्सॅबान-अपिक्सॅबानला आपल्याकडे पीसीसीच. आणि या नव्या गोळ्यांमध्ये आयएनआर नॉर्मल येऊ शकतो, तो बघून "काही नाही" म्हणून निवांत होऊ नका.

निवांत करणाऱ्या आणखी दोन गोष्टी असतात. एक म्हणजे नाडी. धडधडीसाठी मेटोप्रोलॉल चालू असलेल्या आबांची नाडी रक्त जात असतानाही ७०-८० च राहते. दुसरं बीपी, रोज १५० असणाऱ्याचं ११० आलं तर ते चांगलं नाही, कमी आहे. पहिला हिमोग्लोबिनही फसवतो, रक्त गेल्या गेल्या आकडा पडत नाही, म्हणून ४ ते ६ तासांनी परत करा. आबा स्वतः तर म्हणणारच, "काही नही व्हयनं, थोडंसं लागनं". डाव्या खालच्या बरगड्या दुखतायत आणि सोबत डावा खांदाही दुखतोय म्हणाले तर प्लीहा डोक्यात ठेवा, उजवीकडे लिव्हर, लघवी लाल तर किडनी. धडगाव-अक्कलकुव्याकडून सिकलसेलचा किंवा मलेरियाने प्लीहा वाढलेला पेशंट आला तर साध्या धक्क्यानेही ती फाटू शकते.

फास्ट सोनोग्राफी (पोटात रक्त साचलंय का ते बघणारी) आल्या आल्या करा, निगेटिव्ह आली तरी थोड्या वेळाने परत करा, कारण थोडं रक्त तिला दिसत नाही आणि पोटाच्या मागच्या बाजूचं तर नाहीच नाही. बीपी टिकून असेल तरच कॉन्ट्रास्ट सीटी, नसेल तर ओटी किंवा सरळ रेफर. सलाईनच्या बाटल्यांवर बाटल्या लावू नका, रक्त आणा. ट्रॅनेक्सामिक ॲसिड (रक्तस्राव आवरणारं औषध) १ ग्रॅम १० मिनिटांत, मग १ ग्रॅम ८ तासांत, पण लागल्यापासून ३ तासांच्या आतच, क्रॅश-२ या मोठ्या अभ्यासाच्या २०११ सालच्या विश्लेषणातच दिसलं होतं की उशिरा दिलं तर उलटतं. रक्ताच्या पिशव्या जास्त गेल्या तर कॅल्शियम द्या. आणि पेशंट गरम ठेवा, बाहेर भुसावळचं ऊन ४५ असलं तरी आत एसी आणि फ्रीजमधलं रक्त यांनी पेशंट गार पडतो आणि गार पेशंटचं रक्त गोठत नाही.

आता दोन कामं जी करायचीच नाहीत. दुखतंय म्हणून कमरेत डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन, गावातल्या दवाखान्यातून बरेचदा ते मारूनच पाठवतात, त्याने एक तर तिथे रक्ताची गाठ होते आणि प्लेटलेटचं काम आणखी बिघडतं. आणि पोटाला तेल-हळद लावून चोळणं, हे फोनवरच घरच्यांना सांगून टाका.

प्लीहा किंवा लिव्हर फाटूनही पेशंट स्थिर असेल तर ऑपरेशनशिवाय सांभाळता येतं, पण या गोळ्यांवरच्या पेशंटमध्ये ते फसायची शक्यता जास्त, म्हणून आयसीयू, हजर सर्जन आणि लगेच रक्त हे तिन्ही असेल तरच आपल्याकडे ठेवा. सीटीत कॉन्ट्रास्ट बाहेर सांडताना दिसला तर एम्बोलायझेशन (नळी घालून फुटलेली रक्तवाहिनी आतून बंद करणं) कुठे होतं ते आधीच माहीत हवं, नाशिकपर्यंत जायचं असेल तर रस्त्यातलं रक्त आणि सोबत जाणारा डॉक्टर धरून हिशोब करा. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे सरकारी मेडिकल कॉलेज आहे, निघण्याआधी तिथल्या ड्युटी सर्जनशी बोला, चिठ्ठीवर गोळीचं नाव, शेवटच्या डोसची वेळ आणि काय उतारा दिला ते वर मोठ्या अक्षरात.

गोळी परत कधी सुरू करायची हे सर्जन आणि हार्टवाल्या डॉक्टरांनी मिळून ठरवायचं, व्हॉल्व्ह असेल तर बहुतेकदा आधी हेपरिनची ड्रिप, कारण काही झालं तर ती बंद करता येते. प्लीहा काढली असेल तर न्यूमोकोकसची नि बाकीच्या लसी साधारण दोन आठवड्यांनी. डिस्चार्ज कार्डावर "डॉक्टर सांगतील तेव्हा" असं लिहू नका, गोळीचं नाव आणि सुरू करायची तारीख मराठीत लिहा आणि घरी गोळ्या देणाऱ्या सुनेला किंवा मुलाला ती वाचून दाखवायला सांगा.