वर्ल्ड लेव्हलच्या ग्रॅपलरसोबत रोल करायची वेळ आली तर

मी टेक्सासमध्ये ऑस्टिनला राहतो, दिवसभर लॅपटॉपसमोर काम आणि आठवड्यातून तीन-चार संध्याकाळी बीजेजे, म्हणजे ब्राझिलियन जिउ-जित्सू, गळ्याचे आणि सांध्यांचे डाव टाकून समोरच्याला हार मानायला लावायची जमिनीवरची कुस्ती. वय ४१, वजन ७४ किलो, पर्पल बेल्ट (क्रम असा: व्हाईट, ब्लू, पर्पल, ब्राऊन, ब्लॅक). २०२१ मध्ये नामांकित कोच जॉन डॅनाहरची टीम पोर्टोरिकोत फुटली आणि गॉर्डन रायन, क्रेग जोन्स वगैरे त्यातले मोठे खेळाडू दोन वेगवेगळ्या गटांत इकडे ऑस्टिनला आली, तेव्हापासून या शहरात कुठून कुठून लोक ट्रेनिंगला येतात. त्यामुळे होतं काय, शनिवारी ओपन मॅटला (क्लास नसतो, मोकळा सराव) गेलो की शेजारी बसून पाणी पिणारा माणूस एडीसीसी ही ग्रॅपलिंगची मोठी स्पर्धा खेळलेला निघतो, आणि तोच सहज विचारतो, रोल करायचं का, म्हणजे सरावाची लढत. परवा पुण्याच्या मित्राचा फोन आला, त्याच्याकडे सेमिनारला बाहेरचा एक मोठा ब्लॅक बेल्ट येतोय आणि शेवटी रोलिंग आहे, काय करू विचारत होता. त्याला अर्धा तास जे बोललो तेच इथे नीट लिहितो, कुणाच्या तरी कामी येईल.

आधी मॅटवर पाय ठेवायच्या आधीचं. नखं कापा, हाताची आणि पायाचीही. गी (जाड जॅकेट-पँट) धुतलेला हवा, नो-गी म्हणजे बिनगीचा रोल असेल तर धुतलेला रॅशगार्ड (अंगाला घट्ट बसणारा टी-शर्ट). अंगावर नायटा किंवा कसला लाल चट्टा असेल तर त्या दिवशी जाऊच नका, समोरच्याची पुढच्या आठवड्यात स्पर्धा असू शकते आणि तुमच्यामुळे त्याला मॅटबाहेर बसावं लागेल. दुखापत असेल तर सुरुवातीलाच सांगा, आणि अगदी नेमकं सांगा. "गुडघा जरा दुखतो" यातून कुणाला काही कळत नाही. "उजवा गुडघा, आतल्या बाजूने वळवू नका" असं सांगितलं की चांगला माणूस त्या पायाला हातही लावत नाही. हील हुक (टाच पिळायचा डाव, ताण गुडघ्यावर येतो) चालतात का हे पण आधीच ठरवा. आयबीजेजेएफ या बीजेजेच्या स्पर्धा भरवणाऱ्या संघटनेने २०२१ पासून नो-गीमध्ये ॲडल्ट ब्राऊन आणि ब्लॅक बेल्टला हील हुक चालू केलेत, त्यामुळे वरच्या लेव्हलची माणसं ते रोज करतात. तुम्ही रोज करत नसाल तर "हील हुक नको, साधे अँकल लॉक चालतील" म्हणायला अजिबात लाजू नका, आजपर्यंत यावरून कुणी नाराज झालेलं मी बघितलं नाही.

विचारायचं कसं हाही प्रश्न असतो. काही जिममध्ये खालच्या बेल्टने वरच्या बेल्टला रोलसाठी विचारायचं नाही असा जुना रिवाज आहे, काही ठिकाणी कुणीही कुणालाही विचारतं, तर आधी तिथल्या कोचला विचारून घ्या. आणि तो माणूस स्पर्धेच्या तयारीत असेल, त्याचे राउंड कोच ठरवून देत असेल, तर मध्ये घुसू नका. त्याचं काम संपू द्या, मग विचारा, तेव्हा तो बहुतेक वेळा आनंदाने हो म्हणतो.

आता खरा मुद्दा. साधा माणूस अशा रोलमध्ये दोनपैकी एका पद्धतीने वागतो. पहिली पद्धत म्हणजे पिसाळल्यासारखं करणं, सगळी ताकद पहिल्या मिनिटात, हात-पाय कुठेही, मान ओढ, बोटं पकड. दुसरी म्हणजे दगड होणं, कोपर अंगाला चिकटवून गोळा होऊन पडायचं आणि पाच मिनिटं सबमिशन दिलं नाही, म्हणजे हार मानली नाही, याचंच समाधान मानायचं. दोन्हीत तुमचा चान्स वाया जातो. तुम्ही पिसाळलात की समोरचा स्वतःला जपायला लागतो, कारण त्याला इजा परवडणारी नसते, मग तो तुम्हाला घट्ट दाबून ठेवतो आणि पटकन संपवतो, तुम्हाला फक्त वजन कळतं, बाकी काही कळत नाही. आणि तुम्ही दगड झालात तर तो तुम्हाला काही दाखवूच शकत नाही, कारण त्याचे बहुतेक डाव समोरच्याच्या रिॲक्शनवर उभे असतात. तुम्ही ढकललंत तर तो एक करणार, ओढलंत तर दुसरं. तुम्ही काहीच केलं नाहीत तर त्याला बसून वाट बघावी लागते, आणि मग तो पुढच्या वेळी तुमच्यासोबत रोल करायला फारसा उत्सुक नसतो.

त्याला तुमच्याकडून काय हवं असतं हे मला खूप उशिरा कळलं. त्याला प्रामाणिक रिॲक्शन हवी असते. मोठी माणसं साध्या लोकांसोबत रोल करताना सहसा आपली कच्ची बाजू घासतात, म्हणजे उजवीकडून पास करणारा (खालच्याचे पाय ओलांडून पुढे येणारा) डावीकडून करून बघतो, किंवा मुद्दाम वाईट पोझिशनमध्ये जाऊन तिथून निघायचा सराव करतो. तुम्ही तुमचा नेहमीचा खेळ, तुमच्या नेहमीच्या वेगात खेळलात, अंडरहुक (त्याच्या काखेखालून हात) मिळाला तर घेतला, त्याचा तोल गेला वाटलं तर स्वीप केला (खालून उलटवून वर आलात), तर त्याचाही सराव होतो आणि तुमचाही. वेग साधारण साठ-सत्तर टक्के ठेवा आणि तो वाढवेल तेवढाच वाढवा, पण त्याच्या पुढे जाऊ नका.

मग तुमच्या बाजूने तयारी काय करायची, तर एकच प्रश्न घेऊन जायचं. एकच. माझा गेल्या वर्षभरचा प्रश्न होता, हाफ गार्डमध्ये (मी खाली, त्याचा एक पाय माझ्या पायांत धरलेला) खालून मला फ्लॅट, म्हणजे पाठीवर सपाट, कसं करतात. बाकी रोलमध्ये काय होतंय ते होऊ दे, चोक (गळा आवळायचा डाव) बसो, माउंट (पोटावर बसायची जागा) मिळो, मी फक्त त्या एका जागेवर लक्ष ठेवायचो. पाच मिनिटांत पाचदा टॅप (थोपटून हार मानणं) झालं तर पाच सबमिशन आठवायची धडपड करू नका, त्यातून हाती काही लागत नाही. त्याच्या एक पायरी आधी काय झालं ते आठवा. मला वाटायचं मी क्रॉसफेसने (हाताने चेहरा बाजूला दाबतात त्याने) फ्लॅट होतो. तीन-चार रोलनंतर दिसलं की क्रॉसफेसच्या आधीच त्याने माझा वरचा हात, म्हणजे जो मी फ्रेमला (त्याला अडवायच्या टेकूला) लावायचो, तो मनगटापाशी नुसता मॅटकडे ढकललेला असायचा, अगदी हलका, आणि मी तिकडे लक्षच द्यायचो नाही. क्रॉसफेस यायच्या आधीच काम झालेलं असायचं.

वर्ल्ड चॅम्पियन रॉजर ग्रेसीचं उदाहरण यासाठी मला नेहमी आठवतं. २००९ च्या वर्ल्ड्समध्ये तो माउंटवरून क्रॉस कॉलर चोक (गीच्या कॉलरने गळा आवळायचा डाव) लावून एकेकाला संपवत होता. व्हाईट बेल्टला पहिल्या महिन्यात शिकवतात तो चोक. समोरच्या ब्लॅक बेल्टना पक्कं माहीत होतं काय येणारे. तरी थांबत नव्हता, कारण हात कॉलरला लागायच्या कितीतरी आधी माउंटमध्ये बसलेलं वजन, वर सरकलेले गुडघे, वेगळे केलेले कोपर, हे सगळं होऊन गेलेलं असायचं. दुसरा वर्ल्ड चॅम्पियन मार्सेलो गार्सिया, त्याने न्यूयॉर्कच्या आपल्या अकॅडमीतलं रोजचं रोलिंग ऑनलाइन ठेवलं होतं, वर्गणी भरली की बघता यायचं. तसं काही बघायला मिळालं तर त्याच्या स्वतःच्या विद्यार्थ्यांकडे बघा, चार वेळा एक्स-गार्डमध्ये (खालून पायांनी अडकवायची त्याची पकड) सापडलेला मुलगा पाचव्यांदा पाय कुठे ठेवतो ते बघा, आपण त्या मुलाच्या जागी असतो म्हणून ते जास्त उपयोगी.

आता कुस्तीतून आलेल्यांसाठी थोडं वेगळं, कारण मी स्वतः शाळेत असताना चार वर्षं कोल्हापूरकडच्या तालमीत लाल मातीत होतो आणि आपल्याकडून बीजेजेत येणाऱ्या बऱ्याच पोरांचा पाया तोच असतो. कुस्तीत पाठ टेकली की चीत, खेळ खल्लास. त्यामुळे पडता पडता पोटावर वळायचं हे इतकं अंगात भिनलेलं असतं की विचार करायला वेळच मिळत नाही, शरीर आपोआप वळतं. आणि बीजेजेत नेमकं हेच चुकतं. पोटावर वळलात की पाठ दिली, समोरच्याचे दोन्ही पाय मागून तुमच्या मांड्यांच्या आत आले की त्याला ४ पॉइंट, आणि पॉइंटपेक्षा मोठं म्हणजे मागून चोक. साधा पर्पल बेल्ट तुमच्या पाठीवर येईपर्यंत तुम्हाला सावरायला थोडा तरी वेळ देतो, वर्ल्ड लेव्हलचा माणूस तुम्ही वळायला लागलात तेव्हाच तिथे बसलेला असतो, तो तुम्हाला वळायला लावण्यासाठीच दाबत असतो. मला ही सवय मोडायला दोन वर्षं लागली. उपाय साधा पण कंटाळवाणा आहे. पाठ टेकवून घ्यायची, घाबरायचं नाही, गुडघा आणि कोपर जवळ आणायचे, कुशीवर व्हायचं आणि त्याच्याकडे तोंड ठेवायचं. पास झाला तर झाला, ३ पॉइंट गेले, पण तोंड त्याच्याकडे आहे. तालमीचा फायदाही मोठा आहे बरं का, पट काढायला आलेल्याला रोखणं, मानेची ताकद, तोल, हे आयतं मिळालेलं असतं आणि मोठी माणसंही त्याची कदर करतात, मला दोघा-तिघांनी थांबून विचारलंय हे कुठे शिकलास.

दबावाखाली श्वास हा वेगळाच विषय आहे. चांगल्या माणसाचं ७० किलो शंभर किलोसारखं लागतं कारण तो गुडघे मॅटवरून उचलून सगळं वजन छातीच्या एका ठिकाणी ठेवतो. तेव्हा पहिली इच्छा होते दोन्ही हातांनी त्याला वर ढकलायची, बेंच प्रेससारखी. ते केलंत की हात लांब झाले, आर्मबार (कोपर उलटं ताणायचा डाव). फ्रेम म्हणजे ढकलणं नव्हे, हाडाचा टेकू, त्याच्या मानेला आणि कमरेला, आणि हलायचं तुम्ही स्वतः, त्याला हलवायचं नाही. श्वास नाकाने, छोटा. पूर्ण दम लागला तर थांबायला सांगा, त्यात काही कमीपणा नाही.

टॅपबद्दल मला जरा कळकळीने सांगायचंय. चोकमध्ये एक वेळ चालतं, व्यवस्थित बसलेल्या चोकला आठ-दहा सेकंदांत माणूस बेशुद्ध होतो पण चेहरा लाल व्हायला लागला की तुम्हाला कळतं तरी. हील हुकमध्ये कळत नाही. टाच फिरते तशी नडगीचं हाड फिरतं आणि तो पीळ गुडघ्याच्या लिगामेंटवर येतो, आणि दुखायला लागेपर्यंत बरेचदा उशीर झालेला असतो. ब्लू बेल्ट असताना एका जिममध्ये माझं असंच झालं. समोरच्याने पकड घेतली आणि थांबला, अक्षरशः थांबून माझ्याकडे बघत होता, आणि मला वाटलं दुखत नाहीये म्हणजे बसलेलं नाही, म्हणून मी झटक्याने उलट्या बाजूला फिरलो. त्याने सोडेपर्यंत आवाज आला होता. बाहेरच्या बाजूचं लिगामेंट, पाच महिने मॅट बंद. चूक संपूर्ण माझी होती. म्हणून सांगतो, मोठा माणूस पकड घेऊन थांबला तर तो तुम्हाला टॅप करायला वेळ देतोय, तो घ्या. टाच त्याच्या कोपराच्या खोबणीत गेली आणि गुडघा त्याच्या पायांमध्ये अडकला की टॅप, दुखायची वाट नको. हात अडकले असतील तर तोंडाने मोठ्याने "टॅप" म्हणा, पायाने मॅटवर मारा. आणि कधीही झटक्याने फिरू नका.

काही गोष्टी अजिबात करायच्या नाहीत. उडी मारून गार्ड घेणं (त्याच्या कमरेला पायांचा विळखा घालणं) नाही, उभ्याने कात्री घालून पाडणं नाही, उचलून आपटणं नाही, एक-दोन बोटं पकडणं नाही, पकडायची तर चारही पकडा. शेजारच्या जोडीवर जायला लागलात तर तुम्ही थांबा, ते मोठे आहेत तर तुम्ही सरका. न विचारता व्हिडिओ काढू नका. आणि स्वीप मिळाला तर तो खरा की दिलेला यावर डोकं खपवू नका. तो कधी कधी जागा उघडून देतो, त्यात शांतपणे जा, डाव पूर्ण करा, पुढचा ग्रिप घ्या. बाहेर जाऊन "मी अमक्याला स्वीप केलं" असं सांगत मात्र फिरू नका, ते त्याच्या कानावर जातंच.

समोर मोठी महिला खेळाडू असेल तर पुरुषांचं हमखास काहीतरी बिनसतं. आयबीजेजेएफची बायकांची सगळ्यात हलकी कॅटेगरी गीसकट ४८.५ किलोची आहे, म्हणजे वर्ल्ड चॅम्पियन तुमच्यापेक्षा पंचवीस-तीस किलोने हलकी असू शकते. मग बरेच जण हरायला लागले की वजन टाकून बसतात, किंवा उलट, मुद्दाम सैल पडतात. दोन्ही तिला लगेच कळतं. वजन टाकू नका पण टेक्निक पूर्ण द्या. खरं तर माझ्या गार्डमधल्या बहुतेक चुका मला हलक्या लोकांनीच दाखवल्या, कारण त्यांना ताकदीने काही करताच येत नाही.

रोल संपला की हात मिळवा, आभार माना, आणि एकच प्रश्न विचारा. "मी कुठे चुकलो" असं विचारलंत तर तो हसून "छान होतं, चालू ठेव" म्हणेल, कारण उत्तर द्यायला तासभर लागेल. "तू डावीकडे पास करायचं कधी ठरवलंस, माझा कुठला हात बघून?" असं विचारलंत तर तो खाली बसून करून दाखवतो, माझ्यासोबत प्रत्येक वेळी असंच झालंय, या लोकांना अशा प्रश्नांचं मनापासून प्रेम असतं. एका मिनिटात उत्तर मिळालं की तिथेच थांबा, त्याला पुढचा राउंड असतो. जास्त हवं असेल तर प्रायव्हेट क्लासचे पैसे भरा.

मग गाडीत बसल्या बसल्या, घरी जायच्या आधी, फोनवर दोन ओळी लिहून ठेवा, घरी जाऊन अंघोळ झाली की निम्मं विसरलेलं असतं. माझ्या फोनमध्ये मागच्या शनिवारचं असं आहे: "वरचा हात ढकलला तर लगेच कोपर आत. दोनदा जमलं, तिसऱ्यांदा त्याने आधी पाय बदलला, का?" या शनिवारी तो आला तर हेच विचारणारे.