फॉरमॅट मारण्याआधी: बंद पडलेल्या कॉम्प्युटरमधल्या फायली काढताना या चुका टाळा

लॅपटॉप सुरू होत नाही म्हणून दुकानात नेला की काउंटरवरून प्रश्न येतो, ‘फॉरमॅट मारून देऊ का? संध्याकाळपर्यंत मिळेल.’ माझी भाची ‘हो’ म्हणाली. तिला सांगितलं होतं, डी ड्राइव्हला हात लावणार नाही. खरंच लावला नव्हता! पण तिचा प्रोजेक्ट डेस्कटॉपवर होता, आणि डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स ही सगळी मंडळी सहसा सी ड्राइव्हवरच राहतात. फॉरमॅटमध्ये पुसला गेला तो हाच. लॅपटॉपमध्ये एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली चिपची डिस्क होती. फॉरमॅटनंतर रिकाम्या झालेल्या जागा एसएसडी स्वतःच पुसायला घेते, त्यामुळे रिकव्हरी सॉफ्टवेअरच्याही हाती काही लागलं नाही.

विंडोज बिघडलं म्हणजे फायली गेल्या असं नसतं. बऱ्याचदा त्या जागच्या जागी असतात आणि नंतरच्या खटपटीत जातात.

पडदा काळा म्हणजे कॉम्प्युटर मेला, असं धरून चालणं

पंखा फिरतोय, दिवा लागतोय, पण पडद्यावर काही नाही? एचडीएमआय केबलने लॅपटॉप टीव्हीला जोडून बघा. चित्र दिसलं तर बिघाड पडद्याचा आहे. फायली तशाच कॉपी करून घ्या. डेस्कटॉप कॉम्प्युटर असेल तर विजेची वायर काढून, रॅम म्हणजे मेमरीची पट्टी बाहेर घेऊन तिचे सोनेरी दात खोडरबरने हलके पुसायचे आणि पुन्हा घट्ट बसवायची. दुकानात हेच करतात, आणि पावसाळ्यात तर हमखास.

आधी दुरुस्ती, मग कॉपी

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. विंडोज आपणहून दुरुस्तीच्या निळ्या पडद्यावर आलं की लोक दिसेल ते बटण दाबतात. तिथल्या रिसेटमध्ये ‘कीप माय फाइल्स’ आणि ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ हे पर्याय शेजारी शेजारी असतात. पहिल्यात तुमचं यूजर फोल्डर राहतं, पण बाहेरून टाकलेले प्रोग्रॅम उडतात. दुसऱ्यात काय होतं ते नावातच आहे. चेकडिस्क, म्हणजे डिस्क तपासणारी विंडोजची सोय, तीही आत्ता नको. आजारी डिस्कचा कोपरान् कोपरा वाचायला लावला तर ती तिथेच मान टाकू शकते.

त्याच निळ्या पडद्यावर एक चोरवाट आहे. ट्रबलशूट, मग अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग कमांड प्रॉम्प्ट. तिथे नोटपॅड असं इंग्रजीत टाइप करून एंटर दाबा. नोटपॅड उघडलं की फाइल मेनूतून ओपन घ्या आणि खाली ‘ऑल फाइल्स’ निवडा. ही छोटी खिडकीच आता तुमचा फाइल एक्सप्लोरर. सी ड्राइव्हवरच्या ‘यूजर्स’ फोल्डरमधलं तुमच्या नावाचं फोल्डर राइट क्लिकने कॉपी करायचं आणि बाहेरच्या हार्ड डिस्कवर पेस्ट करायचं. इथे सी ड्राइव्हचं अक्षर बदललेलं असू शकतं, म्हणून ‘सी रिकामा दिसतोय’ म्हणत घाबरू नका, बाकीचे ड्राइव्ह उघडून बघा. आणि कॉपी होताना किती झालं, किती राहिलं हे दिसत नाही, खिडकी नुसती गोठल्यासारखी वाटते. हँग झालं समजून पॉवर बटण दाबणारे पुष्कळ. जेवून या.

हा पडदाही येत नसेल तर पेन ड्राइव्हवरून उबुंटू, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम, चालवता येतं. फक्त ‘ट्राय’ निवडा. ‘इन्स्टॉल’च्या वाटेने जाऊन डिस्क पुसणारा पर्याय स्वीकारलात तर फॉरमॅट तुम्हीच मारलात.

डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडणार असाल तर एम.२ पट्टी (पट्टीच्या आकाराची एसएसडी) साटा जातीची आहे की एनव्हीएमई जातीची हे बघून ती बसवायची यूएसबी केस घ्या. दिसायला त्या सारख्याच असतात. जोडल्यावर ‘वापरण्याआधी डिस्क फॉरमॅट करा’ असं विंडोजने सुचवलं तर कॅन्सल. ‘परवानगी नाही’ म्हणालं तर कंटिन्यू.

किल्लीचा पत्ता नसणं

विंडोज ११ असलेल्या अनेक लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केलं की डिस्क गुपचूप कुलूपबंद होते. हे बिटलॉकर. वरच्या बहुतेक वाटांवर ते ४८ आकडी किल्ली मागतं. मोबाइलवरून त्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात जा, बहुतेक वेळा ती तिथे साठवलेली असते. खातं कॉलेजचं किंवा ऑफिसचं असेल तर तिथल्या आयटीवाल्यांना विचारा. किल्ली नसेल तर पैसे मोजूनही कुलूप उघडत नाही.

टकटक ऐकूनही पुन्हा पुन्हा चालू करणं

जुन्या फिरत्या हार्ड डिस्कमधून टकटक किंवा खरखर येत असेल तर वीज बंद, लगेच. आतलं हेड तबकडीच्या अगदी जवळून तरंगत असतं. ते घासू लागलं की प्रत्येक फेरी काही तरी खरवडून नेते. फ्रीजरमध्ये ठेवण्याचा सल्ला अजून फिरतोय, त्याने आत दव धरतं. झाकणही उघडू नका. अशी डिस्क डेटा रिकव्हरीच्या लॅबमध्येच द्यावी. आवाज नाही पण डिस्क अडखळत वाचते आहे, अशा वेळी उबुंटूवर टाकता येणारं डीडीरेस्क्यू हे डिस्कची नक्कल करणारं सॉफ्टवेअर आधी सहज वाचता येतो तो भाग उतरवून घेतं आणि खराब जागांकडे नंतर वळतं.

फोटो मिळाले म्हणून थांबणं

टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा अनेकदा तुमच्या नावाच्या फोल्डरमध्ये नसतो, शेजारच्या ‘पब्लिक’मध्ये असतो. ब्राउझरचे बुकमार्क लपवलेल्या ‘अॅपडेटा’ फोल्डरमध्ये सापडतात. डीटीपी करणाऱ्यांनी विंडोजमधलं फॉन्ट्सचं फोल्डरही उचलावं; युनिकोडआधीच्या फॉन्टमधल्या मराठी फायली तो फॉन्ट नसला की उघडतात, पण अक्षरांची नुसती भेळ दिसते. कॉपी झाल्यावर दहा-वीस फायली उघडून बघा, नावं दिसली म्हणजे फाइल शाबूत आहे असं नाही. त्यानंतर दुकानात फोन करून सांगा, आता मारा फॉरमॅट.